मुंबईसमोरचा किनारा करायचाय? आधी तिथी बघा

बुकिंगचा फोन आला की लोक वार सांगतात. "शनिवार-रविवार अलिबाग करू." मी विचारतो, त्या दिवशी तिथी कोणती? माझी सतरा सिटांची ट्रॅव्हलर आहे, गाव साताऱ्याजवळचं कोरेगाव. आपल्याकडची माणसं पुणे, एक्स्प्रेस वे, पेण करत थेट अलिबाग गाठतात, वाळूत बसतात आणि परत फिरतात. उरण, करंजा, रेवस, अलिबाग, मांडवा ही सगळी गावं मुंबईच्या समोर पाण्याने एकमेकांना जोडलेली आहेत. ती पाण्यातूनच फिरली पाहिजेत, आणि त्यासाठी भरती-ओहोटीचा अंदाज लागतो.

हिशोब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. आलेल्या वाजता भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. पंचमीला पावणेचार. पक्ष शुद्ध असो वा वद्य, गणित तेच. भरतीच्या आधी-नंतर साधारण सहा तासांवर ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे धरायचा. भिंतीवरची दिनदर्शिका एवढ्याला पुरते, तरी निघायच्या आदल्या दिवशी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक पडताळून घ्या.

मी चतुर्थीला निघून पंचमीला कुलाबा किल्ला करायला सांगतो. का, ते पुढे येईल.

पहाटे चारला सातारा सोडायचं. पनवेलवरून उरणकडे वळलं की चिरनेरला थांबा. २५ सप्टेंबर १९३० ला इथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, हुतात्म्यांचं स्मारक आहे. आपल्या शिराळा तालुक्यातल्या बिळाशीतही त्याच वर्षी जंगल सत्याग्रह पेटला होता. शिराळ्याकडची मंडळी गाडीत असली की मी इथे घाई करत नाही.

तिथून उरणमार्गे करंजा. इथे माणसं आणि गाडी वेगळी करायची. माणसांनी लाँचमध्ये बसून धरमतरची खाडी ओलांडायची आणि रेवसला उतरायचं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. ड्रायव्हरने रिकामी गाडी पेण-वडखळवरून फिरवून अलिबागला आणायची. रेवसहून अलिबागला एसटी आणि रिक्षा मिळतात. तीनची भरती धरली तर दुपारी एक-दोनला खाडी भरलेली असते आणि लाँच धक्क्याच्या जवळजवळ बरोबरीला येते. ओहोटीला तीच लाँच खाली जाते, पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला उतरवताना सगळ्यांचाच जीव वर-खाली होतो. लहान मुलांना आधी चढवू नका. आधी एक धट्टाकट्टा माणूस आत जाऊ दे.

मुक्काम अलिबागला. संध्याकाळी किनाऱ्यावर जायच्या आधी गावातली कान्होजी आंग्र्यांची समाधी बघा. बाळाजी विश्वनाथांच्या शिष्टाईने कान्होजी साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झाले. साताऱ्याच्या माणसाने अलिबागला येऊन तिथे डोकं टेकवलं नाही, हे मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी पंचमी. पावणेदहाच्या आसपास ओहोटी, म्हणून साडेआठला किनाऱ्यावर हजर. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला कुलाबा किल्ला समोर दिसतो आणि मधली पुळण उघडी पडत जाते. चालत जा, घोडागाडीची गरज नाही. मात्र खडकांवर पाय घसरतो, तेव्हा मागे पट्टा असलेली सँडल घाला. आत गणपतीचं देऊळ आहे आणि चारी बाजूंना खारं पाणी असूनही गोड्या पाण्याची विहीर आहे. साडेदहा वाजले की परतीला लागायचं. पाणी दोन्ही बाजूंनी भरत येतं. घोट्याएवढं झालं की आणखी एक फोटो काढायच्या नादाला लागू नका.

अष्टमीला का नको? गणिताने ओहोटी भर दुपारी बाराला येते, वेळ सोयीची वाटते. पण अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी असतं, ते फारसं मागे हटतच नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप मागे हटतं, पण ओहोटी पहाटे नाही तर सांजच्याला येते. पंचमीला दोन्ही जमतं. चतुर्थीलाही जमेल, फक्त गणपतीला गर्दी असते आणि उपासवाल्यांचे माशांचे ताट हुकते.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आलात तर अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळे गावांकडे (लोणावळ्याजवळची नव्हेत) रस्त्यालगत पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. लोणंदच्या बाजारात आपला कांदा गोणीत ओतला जातो. इथे भात निघाल्यावर त्याच रानात कांदा लावतात, काढला की वाळवतात आणि पातीला पात गुंफून वेणी घालतात. बाया पायाच्या अंगठ्यात पात धरून एवढ्या सफाईने विणतात की बघत उभं राहावं. कांदा चवीला गोडसर, डोळ्याला पाणी आणत नाही. माळ घेताना मधले कांदे दाबून बघा. मऊ लागला तर दुसरी मागा. गाडीत आडवी टाकू नका, टांगून आणा.

परतताना पेणला जायचंच नाही. मांडव्याला रो-रो बोट आहे, २०२० पासून चालू. ट्रॅव्हलर आतल्या डेकवर चढते, माणसं वर बसतात, तासाभरात भाऊच्या धक्क्याला उतरतात. सुट्टीच्या दिवसांत जागा आधीच भरते, तेव्हा निघायच्या आठवडाभर आधी बुकिंग करा आणि गाडीची लांबी-उंची नीट सांगा. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात, रो-रो हवामान बघून सोडतात. जून ते ऑगस्ट हा बेत आखूच नका.

घारापुरी करायची असेल तर मुंबईत एक मुक्काम वाढवा आणि सोमवार टाळा, लेणी बंद असतात.

भाऊच्या धक्क्यावरून शिवडी जवळ. तिथून अटल सेतू लागतो, २१.८ किलोमीटर. घारापुरी उजव्या हाताला दिसते. पुलावर गाडी थांबवायला बंदी आहे, दंड होतो, तेव्हा खिडकीची जागा कुणाची हे शिवडीलाच ठरवून घ्या. चिर्ल्याला उतरलं की पुढे एक्स्प्रेस वे. खंबाटकीतली रात्रीची गर्दी टाळायची असेल तर मांडव्याची दुपारी दोनच्या आतली बोट धरा.