राष्ट्रीय वर्धापनदिनाच्या आतषबाजीसाठी नियम तात्पुरते शिथिल करताना

देशाच्या स्थापनेचे किंवा स्वातंत्र्याचे पन्नासावे, शंभरावे, अडीचशेवे वर्ष साजरे करायचे ठरले की आतषबाजीची मागणी होतेच, आणि ती नेहमीच्या नियमांत बसत नाही असे लक्षात आले की नियमांत सूट द्यावी अशी मागणीही पाठोपाठ येते. या मागणीत गैर काही नाही. रात्री अमुक वाजल्यानंतर आवाज नको, अर्ज इतके दिवस आधी हवा, एका मैदानावर वर्षातून इतकेच कार्यक्रम, असे नियम रोजच्या जगण्याची घडी सांभाळण्यासाठी केलेले असतात आणि पिढीतून एकदाच येणाऱ्या प्रसंगासाठी ते एका रात्रीपुरते बाजूला ठेवता येतात. पण त्याच नियमपुस्तकात काही नियम असे असतात की ज्यांचा प्रसंगाशी काही संबंध नसतो. ते फटाक्यांतील दारूच्या ज्वलनावरून, आकाशात जाऊन फुटणाऱ्या गोळ्याच्या उंचीवरून आणि वाऱ्याच्या दिशेवरून ठरलेले असतात. सूट देणाऱ्या आदेशाचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याने आणि उत्सव समितीने हे दोन प्रकार वेगळे कसे करावेत आणि आदेश कसा लिहावा, हे पुढे सांगितले आहे.

प्रथम लागू असलेले सर्व नियम एका कागदावर उतरवून घ्यावेत आणि प्रत्येकासमोर तो कशासाठी केला आहे, हे एका वाक्यात लिहावे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण पुढचे सगळे वाद इथेच मिटतात. ज्या नियमासमोर ‘लोकांची झोप’, ‘कार्यालयाला छाननीसाठी वेळ’, ‘मैदानाचा इतर वापर’ असे लिहिले जाईल, तो शिथिल करण्यास योग्य. ज्याच्यासमोर ‘माणूस मरू नये’ असे लिहावे लागेल, त्याला हात लावू नये. वेळ, दिवस, अर्जाची मुदत, कार्यक्रमांची संख्या, सार्वजनिक जागेचा वापर आणि शुल्क ही पहिल्या गटात येतात. प्रेक्षकांपासूनचे अंतर, दारूकाम करणाऱ्याची पात्रता, साठवण, वाहतूक, वाऱ्याची मर्यादा आणि अग्निशमन बंदोबस्त ही दुसऱ्या गटात येतात. आवाजाची मर्यादा मधली आहे. मोकळ्या जागी थोडा वेळ तिच्याकडे कानाडोळा करणे परवडेल, रुग्णालयाशेजारी मुळीच नाही. म्हणून तिच्याविषयी सरसकट निर्णय न घेता जागा पाहून तो घ्यावा.

वेळेची सूट कशी लिहावी याचे चांगले नमुने आधीच उपलब्ध आहेत. इंग्लंडमध्ये २००४च्या नियमांनुसार रात्री ११ ते सकाळी ७ या वेळात फटाके उडवण्यास बंदी आहे. पण ५ नोव्हेंबरला, म्हणजे तिथल्या पारंपरिक आतषबाजीच्या रात्री, ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत, तर वर्षाखेरीस, चिनी नववर्षाला आणि दिवाळीला रात्री १ वाजेपर्यंत पुढे जाते. भारतातील ध्वनिप्रदूषण नियम, २०००मध्ये सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगी ध्वनिक्षेपकाला रात्री १० ते १२ अशी सूट देता येते, परंतु वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस आधी जाहीर करण्याची अपेक्षा असते. दोन्हींत दिवस आणि तास स्पष्ट आहेत. ‘उत्सवकाळात नियम शिथिल राहतील’ अशा मोघम वाक्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो, आणि तक्रार घेऊन आलेल्या नागरिकाला पोलीस चौकीत कोणीच नेमके उत्तर देऊ शकत नाही.

आदेशातील मुख्य कलम असे असू शकते: ‘वर्धापनदिनाच्या रात्री ९.३० ते १२.०० या वेळात, सोबतच्या यादीतील मैदानांवर, वैध परवाना असलेल्या दारूकाम संस्थेने केलेल्या सार्वजनिक आतषबाजीस रात्रीच्या वेळेचा निर्बंध लागू राहणार नाही. अंतर, साठवण, वाहतूक, पात्रता आणि अग्निसुरक्षा यांविषयीच्या सर्व तरतुदी पूर्ववत लागू राहतील. हा आदेश दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता आपोआप संपुष्टात येईल.’ शेवटचा भाग कोणी अनावश्यक म्हणून गाळू पाहील, पण तो आवर्जून ठेवावा, कारण ज्या आदेशाला स्वतःची अखेर नसते तो मागे घेण्यासाठी दुसरा आदेश काढावा लागतो आणि उत्सव सरल्यावर त्या फाइलकडे पाहायला कोणाला सवड नसते. ही सूट सार्वजनिक कार्यक्रमापुरतीच आहे, घराघरांतील फटाक्यांना नाही, हेही स्वतंत्र वाक्यात लिहावे. माझ्या मते घरगुती फटाक्यांना अशा निमित्ताने सूट देऊच नये. एका मैदानावर पहारा ठेवता येतो, हजार गच्च्यांवर ठेवता येत नाही.

सर्वांत अवघड पेच वेगळाच असतो. सगळ्या गावांना तीच रात्र हवी असते. अमेरिकेत ४ जुलै १९७६ला द्विशताब्दी साजरी झाली, ४ जुलै २०२६ ही अडीचशे वर्षांची तारीख. अशा दिवशी आतषबाजीची मागणी एकाच संध्याकाळी एकवटते, आणि अनुभवी दारूकाम करणारे हात मात्र नेहमीइतकेच असतात. मग समित्या म्हणतात, यंदापुरती पात्रतेची अट सैल करा, मदतनीसालाच प्रमुख होऊ द्या. अशा वेळी पात्रतेऐवजी तारीख सैल करावी. वर्धापनदिनाच्या आधीच्या व नंतरच्या दोन-तीन संध्याकाळी सूट लागू केली की तीच अनुभवी तुकडी आज एका गावात आणि उद्या दुसऱ्या गावात काम करू शकते. मधल्या काळात तिला विश्रांती मिळेल, हे मात्र वेळापत्रक आखतानाच पाहावे. एखाद्या गावाला मुख्य रात्र न मिळाल्याची हळहळ वाटेल आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु अननुभवी माणसाच्या हाती पेटती वात देण्यापेक्षा ती पत्करावी.

अंतराचा हिशेब स्वतः करून पाहावा, ठेकेदाराच्या शब्दावर सोडू नये. अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या ११२३ क्रमांकाच्या मानकात मूळ सूत्र सोपे आहे: गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचामागे ७० फूट मोकळी त्रिज्या. तीन इंची गोळ्यासाठी २१० फूट, म्हणजे सुमारे ६४ मीटर. सहा इंचीसाठी ४२० फूट, सुमारे १२८ मीटर. बारा इंचीसाठी ८४० फूट, सुमारे २५६ मीटर. आपल्या देशाचे मानक वेगळे असेल तर तेच लागू करावे, पण पद्धत हीच. समजा, मैदान चहूबाजूंनी दोनशे मीटर आहे. मध्यभागी गोळे उडवण्याचे नळ उभे केले तर कडेपर्यंत शंभर मीटरच मिळतात, म्हणजे सहा इंची गोळा तिथे बसतच नाही आणि प्रेक्षकांना मैदानाच्या आत घ्यायचे असेल तर चार इंचीसुद्धा अडचणीचा ठरतो. अशा वेळी समितीची पहिली विनंती अंतर कमी करण्याची असते. तिला उत्तर एकच द्यावे: गोळा लहान करा. तीन इंची गोळ्यांचा नीट रचलेला कार्यक्रम कमी देखणा नसतो, आणि जवळून पाहणाऱ्याला तो अधिक भरगच्च वाटतो.

अंतर राखल्याने काय साधते याचे उदाहरण सॅन दिएगोच्या खाडीत ४ जुलै २०१२ला दिसले. संगणकीय प्रणालीतील बिघाडामुळे सुमारे सात हजार गोळे, जे साधारण पाव तासाहून अधिक काळ पुरायचे होते, अर्ध्या मिनिटाच्या आत एकदम उडाले. कार्यक्रम वाया गेला, पण कोणालाही इजा झाली नाही, कारण ते पाण्यावरील तराफ्यांवरून आणि धक्क्यावरून, माणसांपासून पुरेसे दूर उडवले जात होते. यंत्र चुकेल, माणूस चुकेल, हे गृहीत धरूनच ते अंतर ठरवलेले असते.

साठवणीकडे समित्यांचे सर्वांत कमी लक्ष असते आणि सर्वांत मोठी हानी तिथूनच होते. नेदरलँड्समधील एन्सखेडे शहरात १३ मे २००० रोजी वस्तीलगतचे फटाक्यांचे गोदाम पेटले. २३ जणांचा मृत्यू झाला, सुमारे साडेनऊशे जण जखमी झाले आणि आसपासची शेकडो घरे उद्ध्वस्त झाली. गोदामात परवान्यात नमूद असलेल्यापेक्षा अधिक आणि अधिक घातक माल होता, हे चौकशीत स्पष्ट झाले. केरळमधील परवूर येथील पुट्टिंगल मंदिरात १० एप्रिल २०१६ला आतषबाजीतली ठिणगी माल ठेवलेल्या इमारतीपर्यंत पोचली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. तेथे स्पर्धात्मक आतषबाजीला जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारलेली होती. म्हणून तात्पुरत्या आदेशात ‘उत्सवासाठी जादा माल ठेवण्यास मुभा’ हे शब्द कधीही येऊ देऊ नयेत. माल कार्यक्रमाच्या दिवशीच मैदानावर यावा, परवानाधारक भांडारातून थेट यावा, आणि उडवण्याच्या जागेजवळ पुढच्या टप्प्याचे खोके रचून ठेवलेले नसावेत. मैदानावर येणाऱ्या प्रत्येक खोक्यावरील संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणाचे चिन्ह अधिकाऱ्याने डोळ्यांनी पाहावे. १.४ हा तुलनेने सौम्य वर्ग आहे, १.३ म्हणजे तीव्र आगीचा धोका आणि १.१ म्हणजे संपूर्ण साठा एकाच वेळी फुटण्याचा धोका. अर्जात १.४ लिहिलेले आणि खोक्यावर १.३ छापलेले आढळले, तर कार्यक्रम किती का मोठा असेना, तो माल गाडीतून उतरू देऊ नये.

गर्दीचा विचार आतषबाजीपुरता थांबत नाही. पॅरिसमध्ये ३० मे १७७० रोजी राजपुत्राच्या विवाहानिमित्त झालेल्या आतषबाजीनंतर घरी परतणारा जमाव एका अरुंद रस्त्यात अडकला आणि किमान १३२ जण चेंगरून मेले. त्या वाटेवर बांधकामाचे खड्डेही होते. मैदानात येण्याचे दरवाजे मोजताना बाहेर पडण्याची वाट वेगळी मोजावी, कारण लोक येतात हळूहळू आणि परततात एकदम. रात्री उशिरापर्यंत सूट दिली असेल तर परतीची वाहनेही तितक्याच उशिरापर्यंत चालू ठेवावीत, अन्यथा वेळ वाढवल्याचा लाभ कोणालाच होत नाही.

ऋतूकडेही पाहावे. अमेरिकेतील माउंट रशमोर येथे १९९८पासून आतषबाजी होत असे. भोवतालचे पाइन वृक्ष किडीने वाळल्यावर वणव्याच्या भीतीने ती २००९नंतर बंद झाली आणि २०२०मध्ये पुन्हा एकदा करण्यात आली. तिथल्या भूजलात पर्क्लोरेट आढळले असून त्याचा संबंध या आतषबाजीशी जोडला गेला आहे. दारूतील हा घटक पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या तलावावर, त्याच्या काठावर किंवा त्याच्या पाणलोटात सूट देऊ नये. कोरड्या गवताचे मैदान असेल तर आदल्या दिवशी ते भिजवून घ्यावे. शेजाऱ्यांना किमान दोन आठवडे आधी लेखी कळवावे, आणि त्या सूचनेत सुरू होण्याची व संपण्याची वेळ मिनिटासह द्यावी. युद्धाचा आघात सोसलेली माणसे, तान्ही मुले आणि पाळीव जनावरे असलेल्या घरांना ‘रात्री कधीतरी’ या शब्दांचा उपयोग नसतो. विमानतळ जवळ असेल तर हवाई वाहतूक नियंत्रणाला आणि जलमार्ग असेल तर बंदर कार्यालयाला स्वतंत्र पत्र द्यावे.

त्या रात्री कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे आदेशात पदनामासह लिहिलेले असावे. तो अग्निशमन अधिकाऱ्याला द्यावा, समितीच्या अध्यक्षाला नाही. व्यासपीठावर पाहुणे बसलेले असताना वारा वाढला म्हणून आतषबाजी रद्द करणे फार कठीण असते, आणि ज्याला पाहुण्यांना तोंड द्यायचे आहे त्याच्याकडून तो निर्णय वेळेवर होत नाही. वाऱ्याची मर्यादा आदल्या दिवशीच आकड्यात ठरवावी, मैदानावर वेगमापक ठेवावा आणि मर्यादा ओलांडताच कोणाला न विचारता थांबण्याची मुभा त्या अधिकाऱ्याला असावी. पर्यायी तारीख आधीच जाहीर केलेली असेल तर हे थांबणे सर्वांना सोपे जाते.

शेवटचा गोळा फुटल्यावर मैदान लगेच लोकांसाठी खुले करू नये. न फुटलेला गोळा नळात किंवा गवतात पडलेला असू शकतो. म्हणून परवान्यात ठरवलेला वेळ थांबून दारूकाम करणाऱ्या तुकडीनेच पहिली फेरी मारावी आणि सकाळी उजेडात दुसरी फेरी झाल्याशिवाय मुलांना किंवा सफाई कामगारांना आत सोडू नये. सफाई कामगारांना अशा गोळ्याला हात न लावता कोणाला बोलवायचे, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. आठवड्याभरात प्रत्येक मैदानाचा एक पानी अहवाल मागवावा: किती गोळे आले, किती उडाले, किती परत गेले, तक्रारी किती, आग कुठे लागली. आलेल्या, उडालेल्या आणि परत गेलेल्या मालाचा ताळमेळ लागेपर्यंत ठेकेदाराची अनामत रक्कम परत करू नये.