‘क्वांटम ग्रॅव्हिटीच करायचीय’ म्हणणाऱ्यांसाठी

दिवाळीत इंदूरला घरी आलो की रामबागेत कुणाकडे तरी फराळाचं बोलावणं असतं. चिवड्याची वाटी हातात घेतो न घेतो तोच बीएस्सीचं कुणीतरी पोर कोपऱ्यात गाठतं, “दादा, मला क्वांटम ग्रॅव्हिटी करायचीय. कुठून सुरू करू?” होळकर सायन्स कॉलेजात असताना मीही हेच वाक्य घेऊन हिंडायचो, त्यामुळे हसू येत नाही.

क्वांटम ग्रॅव्हिटी म्हणजे गुरुत्वाकर्षणालाही क्वांटमच्या नियमांत बसवायची खटपट. पण ती ‘करणं’ म्हणजे रोज सकाळी टेबलाशी बसून नेमकं काय करणं, हे मला एमएस्सी संपत आली तरी ठाऊक नव्हतं. अवकाशाचा क्वांटम स्वभाव उघडा पडेल ती लांबी प्रोटॉनपेक्षा वीस शून्यांनी लहान. तिथवर पोचणारा प्रयोग नाही, म्हणून पक्ष पडतात. कुणी स्ट्रिंग सिद्धांतवाले, कुणी लूप सिद्धांतवाले. लूपचा पाया ज्या चलांवर उभा आहे ती १९८६ साली मांडली अभय अष्टेकरांनी, आपल्या खानदेशातल्या शिरपूरला जन्मलेल्या माणसानं. मीही वर्षभर हिरिरीनं लूपवाला होतो. गणित एकही केलं नव्हतं, नुसता वाद घालायचो.

खरी सुरुवात झाली ती रायचौधुरी समीकरणापासून. १९५५ सालचं हे समीकरण सांगतं की मोकळे पडणारे कण वस्तुमानामुळे एकमेकांकडे ओढले जातात. पुढे पेनरोज आणि हॉकिंग यांची सिंग्युलॅरिटीची, म्हणजे जिथे सिद्धांतच कोलमडतो त्या टोकाची, प्रमेयं यातूनच आली. दोन पुस्तकं शेजारी उघडून मी ते सोडवायला बसलो, तर उत्तर उलटंच. कण पांगायला लागले! तीन आठवडे मी गुरुत्वाकर्षण ढकलतंय असं सिद्ध करत होतो. पहिल्या आठवड्यात तर काहीतरी नवीन सापडलं असंही वाटून गेलं. चूक एवढीच होती की एका पुस्तकातल्या रिची टेन्सरचं (वक्रता मोजणारी राशी) चिन्ह दुसऱ्या पुस्तकाच्या उलट होतं आणि मी अर्ध्या ओळी इथून, अर्ध्या तिथून घेतल्या होत्या. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर चिन्हांचे संकेत लाल शाईनं लिहितो. तुम्हीही लिहा.

त्या तीन आठवड्यांत मी वैतागलो, पण वही मिटावीशी वाटली नाही. विषय निवडायची माझ्याकडे तरी एवढीच कसोटी आहे.

वही नको, कॉम्प्युटर हवा असेल तर गुरुत्वलहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगोचा डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. पहिली लहर टिपली गेली त्या १४ सप्टेंबर २०१५ ची फाइल उतरवून घ्या आणि आलेख काढा. काहीच दिसणार नाही, नुसता गोंगाट. मग ३५ हर्ट्झच्या खालचं आणि ३५० च्या वरचं गाळून टाका, ठरावीक वारंवारतेची यंत्रांची गुणगुण काढा. आता ०.२ सेकंदांची एक रेघ वर-खाली होत दाट होत जाते आणि विझते. दोन कृष्णविवरं एक होताना तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरी होऊन गेलं, ते एवढंच. लायगोची दोन यंत्रं, लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्डला. लिव्हिंग्स्टनची रेघ हॅनफर्डवर बसवायची तर सुमारे ७ मिलिसेकंद सरकवावी आणि उलटी करावी लागते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ती पहिल्यांदा जुळली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

असे संकेत गोंगाटातून वेचायचे ते आधी गणितानं साचे तयार करून. त्या पद्धतीवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधरांनी लायगो उभं राहण्याच्या कितीतरी आधी काम केलं. आणि हिंगोलीत व्हायच्या लायगो-इंडियात (एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी, खर्च सुमारे २,६०० कोटी) एक प्रमुख संस्था आहे आपली इंदूरची कॅट, म्हणजे सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी. नाव केव्हाच बदललं, राजा रामण्णा केंद्र झालं, पण इंदूरकर कॅटच म्हणणार. मी वर्षानुवर्षं कॅट रोडनं गेलो, आत लेझरवाले काय करतात ते कधी विचारलं नाही.

प्रयोगाला कमी लेखू नका, हे मी जरा पश्चात्तापानं सांगतोय. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली गेली, तेरा कोटी वर्षांच्या प्रवासानंतर गुरुत्वलहरी आणि गॅमा किरण १.७ सेकंदांच्या अंतरानं पोचले. लहरींचा वेग प्रकाशाहून वेगळा मानणारे सुधारित गुरुत्वाचे कितीतरी सिद्धांत त्या दिवशी रद्दीत गेले. त्यावर पीएचडी करणारी पोरंही होती. त्याच वर्षी सौगातो बोस आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग सुचवला: दोन सूक्ष्म कण, प्रत्येक एकाच वेळी दोन जागी, मध्ये फक्त गुरुत्वाकर्षण. ते एकमेकांत गुंतले तर गुरुत्वाकर्षण क्वांटम आहे असं म्हणता येईल. अजून तो जमलेला नाही. मी आज बीएस्सीला असतो तर प्रयोगशाळेकडे वळलो असतो.

पोटापाण्याचं थोडक्यात. एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेशपरीक्षा, पुढे पीएचडीसाठी नेट, गेट, जेस्ट. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. रामबागेतल्या काकूंना हा आकडा आधीच सांगून टाकावा, पुढचे प्रश्न कमी होतात.

गाइडला मेल लिहाल तेव्हा लहानपणी आकाशाकडे कसे बघत बसायचो ते लिहू नका. माझ्या पहिल्या नऊ मेलांत तेच होतं, एकाचंही उत्तर आलं नाही. दहाव्याला मी त्यांच्याच पेपरमधली एक पायरी स्वतः करून, अडलो तिथे खूण करून, वहीच्या पानाचा फोटो जोडला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, एका ओळीचं: “चौथ्या ओळीत चिन्ह तपासा.”