विषारी झाडं घराभोवती असतातच. या चुका टाळा

पावसाळा लागला की माझ्या फोनवर ठरलेले फोटो यायला लागतात. लांबून काढलेलं एक झाड, पानं पुसट, आणि खाली प्रश्न : "काकू, हे विषारी आहे का?" मी विचारते, फळ दिसतंय का, पान तोडलं की चीक येतो का, झाड आवारात कुठल्या बाजूला आहे? त्याचं उत्तर बहुतेक वेळा येत नाही. माणसांना फक्त हो किंवा नाही ऐकायचं असतं. हो म्हटलं की कोयता निघतो, नाही म्हटलं की विषय संपतो. मला भीती या घाईची वाटते.

कण्हेर, बिट्टी, धोतरा, रुई, गुंज, एरंड, घाणेरी, डिफेनबाकिया. यातली तीन-चार तरी कुठल्याही सोसायटीत किंवा वाडीच्या कुंपणात सापडतीलच. सगळी उपटायला निघालात तर अर्धी बाग जाईल, आणि धोतरा पुढच्या पावसात परत उगवेल. आपल्या आवारातलं एकूण एक झाड नावानिशी ओळखता आलं पाहिजे आणि त्याचं काय घातक आहे, पान, बी, कंद की चीक, हे ठाऊक पाहिजे. दुसरा सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

मिठाचं पाणी पाजणं

ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की तिच्याबद्दल सविस्तरच सांगते.

नाशिकजवळ ओळखीच्या एका कुटुंबाची वाडी आहे. कुंपण मोगली एरंडाचं. हे झाड लोक कुंपणाला मुद्दाम लावतात; फांदी खोचली की जगते, पाणी फारसं लागत नाही आणि गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. जनावर ज्याला तोंड लावत नाही ते मुलांच्या हाताशी कशाला, हा विचार लावताना होत नाही. दिवाळीच्या सुट्टीत पोरं जमली. कुणीतरी वाळलेलं फळ फोडलं, काळं बी सोललं, आतला पांढरा गर खाल्ला. तो शेंगदाण्यासारखा लागतो, गोडसर. मग सगळ्यांनीच खाल्ला.

थोड्या वेळाने पोटात कळा, मग उलट्या, मग जुलाब. घरात मोठी माणसं भरपूर होती आणि प्रत्येकाकडे उपाय होता. एकाने मिठाचं पाणी पाजलं, दुसऱ्याने दूध, तिसऱ्याने लिंबाचं सरबत. "उलटी होतेय ना, विष बाहेर पडतंय" म्हणत बराच वेळ गेला. सगळ्यात धाकटी मुलगी मलूल होऊन पडली तेव्हा गाडी निघाली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काय खाल्लं? कुणालाच सांगता येईना. "एरंडाचं काहीतरी" एवढंच. एरंड आणि मोगली एरंड ही दोन वेगळी झाडं, त्यांची विषंही वेगळी. तिथून मला फोन आला. मी म्हटलं, वाडीवर जो कुणी असेल त्याला फळासकट फांदी तोडून दवाखान्यात पाठवायला सांगा. फांदी आली, ओळख पटली. सलाइनवर रात्र काढून मुलं सावरली.

मिठाच्या पाण्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं, लहान मुलांत तर लवकरच. मूल गुंगीत असेल तर उलटी श्वासनलिकेत जाते. आणि जे विष घशाला जाळत खाली गेलं ते वर येतानाही जाळतं. घशात बोटं घालणं, मिठाचं पाणी, चुलीतला कोळसा उगाळून देणं, यातलं काहीही करू नका. दवाखान्यात देतात तो कोळसा वेगळा असतो.

मी काय करते ते सांगते. तोंडात उरलेलं बोटाने काढायचं, चूळ भरायला लावायची. त्या झाडाची फळ-पान-फुलासकट फांदी पिशवीत घ्यायची. किती वाजता खाल्लं आणि अंदाजे किती, हे कागदावर लिहायचं. आणि निघायचं. त्रास सुरू व्हायची वाट बघायची नाही, कारण चावलेल्या गुंजेचा त्रास काही तासांनीच काय, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतो. रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्यांचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७. दोन्ही आकडे फ्रिजच्या दारावर लावून ठेवा.

"देवाला वाहतो, मग काय होणार?"

हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. महादेवाला धोतऱ्याचं फूल आणि फळ, मारुतीला रुईच्या पानांची माळ, रोजच्या पूजेला कण्हेर. ही झाडं पूजेत आहेत म्हणून ती तोंडात घालण्याजोगी आहेत, हे कुठून आलं? कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, या दोन्हींतली विषं थेट हृदयावर काम करतात. नाडी मंदावते, ठोके चुकतात. बिट्टीच्या कठीण कवचाच्या आतली बी तर फारच घातक. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलं बिट्ट्यांनी खेळत आली आणि बहुतेकांना काही झालं नाही, कारण कवच फुटलं नाही. दगडाने ठेचून भातुकलीचा स्वयंपाक करायला घेतलं की गोष्ट बदलते.

धोतऱ्याचं विष वेगळं. तोंड कोरडं, अंग लाल, बाहुल्या मोठ्या, आणि माणूस हवेतलं काहीतरी पकडायला जातो, असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा झाली, आणि दवाखान्याऐवजी अंगारा शोधत फिरतात.

"पण आयुर्वेदात ही सगळी औषधं आहेत" असंही लगेच कुणीतरी सांगतं. आहेत, आणि त्याच ग्रंथांनी धोतरा, गुंज, रुईचा चीक, कळलावी, कण्हेर यांना उपविषांत घातलंय. दूध, गोमूत्र, कांजी अशा द्रवांत शोधन, म्हणजे विषाचा जोर कमी करायची प्रक्रिया, केल्याशिवाय ती वापरू नयेत असंही सांगितलंय. फॉरवर्ड केलेल्या मेसेजमध्ये हे शोधन कधीच नसतं. साखर उतरवायला सकाळी सदाफुलीची पानं चावणारे लोक मला माझ्या वर्गाच्या दर बॅचला भेटतात. याच झाडातून कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधं निघाली. ती शिरेतून, मोजून-मापून देतात. तुम्ही पानासोबत काय आणि किती गिळताय?

बिट्टी लावायचीच तर खेळायच्या जागेपासून लांब लावा, खाली पडलेली फळं रोज झाडून काढा. पूजेची फुलं तोडल्यावर हात धुवा, आणि पूजेची कण्हेर-धोतरा गाईपुढे टाकू नका.

छाटताना चिकाकडे दुर्लक्ष

रुई, शेर, निवडुंग, बाल्कनीतलं अॅडेनियम. नवशिके उघड्या हाताने छाटतात आणि त्याच हाताने घाम पुसतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर आधी फारसं दुखतही नाही. मग दृष्टी धूसर होते, बुबुळाला इजा होते. डोळा वाहत्या साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवायचा आणि नेत्रतज्ज्ञाकडे जायचं. घरातले थेंब घालायचे नाहीत. मी हातमोजे आणि साधा चष्मा घातल्याशिवाय या झाडांना कात्री लावत नाही, मग एकच फांदी का असेना.

सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी मुलींच्या केसांना लावतात, तीही डोळ्यात गेली की असंच होतं. ही सवय सोडाच.

बाकीच्या, थोडक्यात

डिफेनबाकिया आणि मनी प्लांट रांगत्या मुलाच्या उंचीवर ठेवू नका. पानांत अळूसारखेच सुईदार स्फटिक असतात, फक्त इथे चिंच घालून शिजवायची सोय नाही. जीभ-ओठ सुजले तर थंड पाणी द्या. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर तडक दवाखाना.

कुंपणात पावसाळ्यात उगवणाऱ्या कळलावीचा कंद रताळं समजून उकडू नका. कंद ओळखता येत नसेल तर तो खायचा नाही.

गच्चीवरचा दुधी कडू लागला तर टाकून द्या. शिजवून कडूपणातलं विष जात नाही. रस काढण्याआधी छोटा तुकडा जिभेला लावून पाहा, आणि त्यात आवळा-कारलं मिसळू नका, कडूपणा लपतो.

मोबाइलवरच्या ॲपने दिलेल्या नावावर खाण्या-न खाण्याचा निर्णय घेऊ नका.

आणि घाबरून कण्हेर तोडलीतच, तर फांद्या जाळू नका, धुरानेही त्रास होतो. शेळ्यांपुढेही टाकू नका. वाळलेल्या पानांतही विष तसंच असतं. पोत्यात भरून, वर नाव लिहून, पालिकेच्या बागकचऱ्यात द्या.