नेटवर्कच्या यादीत कॉम्प्युटर दिसत नाही? या चुका टाळा

शेजारच्या टेबलावरचा कॉम्प्युटर विंडोजच्या 'नेटवर्क'मध्ये दिसत नाही म्हटलं, की बहुतेकांचा हात आधी राउटरच्या बटणाकडे जातो. जरा थांबा. यादीत नाव नाही म्हणजे तो कॉम्प्युटर नेटवर्कवर नाही, असं धरून चालणं हीच पहिली चूक. ती यादी म्हणजे हजेरीपट आहे. वर्गात बसलेल्या मुलाने 'हजर' म्हटलं नाही, तर तो गैरहजर लागतो.

म्हणून फाइल एक्सप्लोररच्या ॲड्रेस बारमध्ये दोन बॅकस्लॅश देऊन त्या कॉम्प्युटरचं नाव टाका आणि एंटर दाबा. फोल्डर उघडले, तर बिघाड फक्त यादीत आहे. नावाने नाही पण आयपी ॲड्रेसने (नेटवर्कवरच्या अंकी पत्त्याने) उघडले, तर नाव शोधण्यात अडचण आहे. दोन्हींनी उघडले नाहीत, तरच जोडणी, फायरवॉल आणि शेअरिंगकडे वळा. नुसत्या पिंगवर (तो कॉम्प्युटर उत्तर देतो का, या चाचणीवर) निकाल देऊ नका, फायरवॉल पिंगही अडवू शकते.

दुसरी चूक सगळ्यात महागाची: जुना उपाय वाचून एसएमबी १, म्हणजे फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, चालू करणे. पूर्वी ही यादी 'कॉम्प्युटर ब्राउझर' नावाची सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) बनवायची. नेटवर्कवरचा एक कॉम्प्युटर निवडणूक होऊन 'मास्टर ब्राउझर' व्हायचा, बाकीचे साधारण दर १२ मिनिटांनी त्याच्याकडे हजेरी लावायचे. त्यामुळे बंद केलेला कॉम्प्युटरही बराच वेळ यादीत रेंगाळायचा. ही व्यवस्था एसएमबी १ वर उभी होती. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी १ मधल्या त्रुटीतून, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते मुळात दिलेलं नसतं किंवा न वापरल्यास आपोआप निघून जातं. एका नावासाठी ते दार पुन्हा उघडू नका.

आता हे काम डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ही नेटवर्कवर एकमेकांना हाक मारून शोधण्याची पद्धत करते. सर्व्हिसेसच्या खिडकीत दोन नावं शोधा. 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' स्वतःची हजेरी देते, 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट' इतरांना शोधते. इथे गंमत अशी, की लोक ज्या मशीनवर यादी उघडतात तीच दुरुस्त करत बसतात. पण हजेरी न देणारी सर्व्हिस असते पलीकडच्या, न दिसणाऱ्या कॉम्प्युटरवर! तिथे जाऊन दोन्ही 'ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)' करा आणि सुरू करा.

तिथेच आहात तर नेटवर्क प्रोफाइलही बघून घ्या. ते 'पब्लिक' असेल, तर नेटवर्क डिस्कव्हरी सहसा बंद असते. प्रोफाइल 'प्रायव्हेट' करा, अर्थात नेटवर्क आपलं असेल तरच. इथे घाई झाली की माणूस अख्खी फायरवॉलच बंद करतो. आणि नंतर चालू करायला विसरतो. त्याऐवजी फायरवॉलमध्ये 'नेटवर्क डिस्कव्हरी'ला परवानगी द्या. तिला यूडीपी ३७०२ हा पोर्ट मोकळा लागतो. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल, तर तीही तपासा.

एकदा मी अख्खी दुपार सर्व्हिसेस चालू-बंद करण्यात घालवली. शेवटी कळलं, की लॅपटॉप गेस्ट वायफायवर होता. गेस्ट नेटवर्कवरची उपकरणं बहुतेक वेळा मुद्दामच एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असतात. एकामागे एक दोन राउटर असले तरी तेच, कारण या हाका साधारणपणे राउटर ओलांडत नाहीत. दोन्हीकडचे आयपी ॲड्रेस शेजारी लिहून पाहिले असते, तर नेटवर्क वेगळं असल्याचं दिसलं असतं आणि दुपार वाचली असती.

वर्कग्रुपचं नाव सारखं असावं लागतं, हा सल्ला जुन्या व्यवस्थेतला. आता त्याने सहसा फरक पडत नाही. दोन कॉम्प्युटरना एकच नाव मात्र देऊ नका. लिनक्सवर सांबा (विंडोजशी फाइल शेअर करणारं सॉफ्टवेअर) असेल, तर ती मशीन विंडोजच्या यादीत यायला डब्ल्यूएसडीडी हा वेगळा प्रोग्रॅम लागतो.

एवढं करूनही नाव आलं नाही, पण थेट पत्त्याने फोल्डर उघडत असेल, तर राउटरमध्ये त्या मशीनचा आयपी कायम करून फोल्डर 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह'ने जोडून टाका. मग यादी उघडायची वेळच येत नाही.