ग्राफिक डिझायनर व्हायचंय? अक्षरापासून प्रेसपर्यंतची वाट

दर जूनमध्ये ओळखीचं कुणीतरी मुलाला किंवा मुलीला घेऊन माझ्या ऑफिसात येतं. "हिची चित्रकला चांगली आहे, ग्राफिक डिझाइनचा क्लास लावायचाय. कुठला लावू?" क्लास म्हणजे त्यांच्या मनात फोटोशॉप आणि कोरलड्रॉ असतं. मी त्या मुलीपुढे कोरा कागद ठेवते आणि तिचं नाव देवनागरीत दोन इंच उंचीचं काढायला सांगते. बालवाडीपासून रोज लिहिलेलं नाव. पण मोठं काढायला घेतलं की हात अडतो. 'क'ची दांडी पोटाच्या नेमकी मध्यावर असते का? 'म'ची गाठ किती खाली येते? वेलांटी कुठून निघते आणि कुठे टेकते?

या कामाची सुरुवात तिथून होते. सॉफ्टवेअर चार-सहा महिन्यांत हाताशी येतं, नजर तयार व्हायला वर्षं लागतात. आणि आपल्याकडे पत्रिका, पाट्या, दिवाळी अंक, पाकिटं, पुस्तकं, मोबाइलचे पडदे असं मराठीतलं काम रोज निघत असताना देवनागरी नीट लावणारी माणसं मात्र फार थोडी आहेत. म्हणून पुढचा सगळा क्रम मी अक्षराला धरून लावला आहे.

पहिले तीन महिने: वही, बोरू आणि मोबाइलचा कॅमेरा

एक जाड वही घ्या. आठवड्याला दहा गोष्टींचे फोटो काढा: एसटी स्टँडवरची पाटी, हाताने रंगवलेला दुकानाचा बोर्ड, मसाल्याचं पाकीट, लग्नपत्रिका, रद्दीतल्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ. प्रत्येकाखाली तीनच ओळी लिहा. हे कुणासाठी केलंय? नजर आधी कुठे जाते? काय काढून टाकलं तरी बिघडणार नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सगळ्यात जड जातं, आणि पुढे ग्राहकासमोर तेच सगळ्यात जास्त कामाला येतं.

अक्षरासाठी बोरू किंवा चपटा ब्रश घ्या. इंग्रजी कॅलिग्राफीच्या निबचा छाट देवनागरीला चालत नाही, आपला बोरू उलट बाजूने तिरका छाटतात. त्यामुळे इंग्रजीत जो तिरका फराटा जाड उतरतो, तो देवनागरीत बारीक येतो. हे वाचून समजत नाही. महिनाभर रोज पानभर 'क', 'भ', 'श' गिरवा, हाताला आपोआप कळेल. मग एखादा फाँट पाहताच "हे इंग्रजीवरून ओढूनताणून आणलंय" हे तुम्ही ओळखू लागाल.

या काळात थोरांची कामं शोधून पाहा. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी रेखाटलेली नाटकांची नावं पाहा, त्यांतलं प्रत्येक शीर्षक नाटकाचा स्वभाव घेऊन उभं असतं. गोव्यातून मुंबईत आलेले चित्रकार दीनानाथ दलाल यांची मुखपृष्ठं पाहा. आणि विंडोजमध्ये 'मंगल' फाँटात मराठी टाइप करणाऱ्याने र. कृ. जोशी यांचं नाव माहीत करून घ्यायलाच हवं. तो फाँट त्यांच्या हातचा आहे.

शिक्षण: कुठे आणि कसं

शाळेत असाल तर कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीडिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्या. दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून सगळे देतातच, पण खरा फायदा त्यातल्या वस्तुचित्राच्या आणि संकल्पचित्राच्या सरावाचा असतो.

बारावीनंतर दोन मोठे रस्ते आहेत. पहिला बीएफए, म्हणजे अप्लाइड आर्टची (उपयोजित कलेची) चार वर्षांची पदवी. १८५७ पासून चालत आलेली मुंबईची जे. जे. परंपरा, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय महाविद्यालयं, पुण्याचं अभिनव, पणजीत आल्तिन्योवरचं गोवा कला महाविद्यालय ही या रस्त्यावरची जुनी नावं. महाराष्ट्रात यासाठी राज्याची एएसी सीईटी असते: वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञानाचा पेपर. जे. जे. ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा तिथले नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच पाहा.

दुसरा रस्ता बी.डेस.चा, म्हणजे डिझाइनच्या पदवीचा. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी (स्थापना १९६१), डॅट ही परीक्षा घेते, तर मुंबई आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइन विद्यालय (१९६९) यूसीड या परीक्षेतून प्रवेश देतं. दोन्हीकडे बारावीची शाखा आडवी येत नाही, कॉमर्सचा विद्यार्थीही बसू शकतो. इथे सुबक चित्रापेक्षा निरीक्षण आणि कल्पना तपासतात. स्टेशनवरच्या गर्दीत हातात पिशवी आणि कडेवर मूल असलेली बाई तिकीट कसं काढते, हे तुम्ही कधी लक्ष देऊन पाहिलंय का, अशा वळणाची ही तयारी असते. एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा: या परीक्षांचे अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे भरावे लागतात. बारावीच्या निकालानंतर चौकशीला निघालात तर ते वर्ष हातचं जातं.

खासगी डिझाइन कॉलेजांची फी लाखांत जाते. कर्ज काढण्याआधी त्या कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन स्वतः जाऊन बघा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना दोन प्रश्न विचारा: शिकवणारे स्वतः काम करतात का, आणि मागच्या वर्षीची मुलं आज कुठे आहेत? भिंतीवरच्या तीस कामांत एकही मराठी काम दिसलं नाही तर मला त्या कॉलेजची काळजी वाटते.

पदवी परवडत नसेल तर? माझ्या ओळखीचे दोन उत्तम डिझायनर डीटीपी ऑपरेटर (संगणकावर मजकूर टाइप करून पानं लावणारे) म्हणून सुरुवात करून वर आले. त्या वाटेने वेळ जास्त लागतो आणि रोज रात्री तासभर स्वतःचा अभ्यास करावाच लागतो, पण प्रेसचं ज्ञान पदवीवाल्यापेक्षा पक्कं होतं. सहा महिन्यांत 'डिझायनर' बनवून देणाऱ्या क्लासच्या जाहिरातींना मात्र भुलू नका. ते ऑपरेटर तयार करतात, तेवढ्यापुरतं जायचं तर जा.

सॉफ्टवेअर: तीनच, पण नीट

रेषेसाठी एक, फोटोसाठी एक, पानं लावायला एक. इलस्ट्रेटर, फोटोशॉप, इनडिझाइन ही नेहमीची तिकडी. गावोगावच्या फ्लेक्स आणि पत्रिकांच्या दुकानांत आजही कोरलड्रॉ चालतं, म्हणून तेही उघडता यायला हवं. पैसे नसतील तर इंकस्केप, गिंप आणि स्क्रायबस मोफत आहेत. चोरीची प्रत वापरू नका. पडद्यावरच्या कामासाठी फिग्मा शिका.

एआयबद्दल पालक हमखास विचारतात. ही साधनं वापरायला शिका. पण त्यांनी काढलेल्या चित्रातलं जोडाक्षर तुटलेलं आहे हे ओळखणारी नजर तुमचीच लागणार आहे, आणि ती पहिल्या तीन महिन्यांच्या वहीतून येते.

देवनागरी लावणं

हा भाग घाईने उरकू नका.

इलस्ट्रेटरमध्ये 'किल्ले' टाइप केलं आणि वेलांटी 'क'च्या मागे जाऊन बसली, तर फाँट खराब आहे असं समजू नका. टाइपच्या सेटिंगमध्ये इंडिक पर्याय चालू करून परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. फोटोशॉपमध्येही वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. एवढं माहीत नसल्यामुळे छापून आलेले फुटके शब्द मी दर आठवड्याला बघते.

श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांतला मजकूर आणि युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) मजकूर वेगळे असतात. एकातला दुसऱ्यात चिकटवला की कचरा दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, पण रूपांतर केल्यावर ओळ न् ओळ वाचा. सगळ्यात जास्त घात 'ऱ्या'चा होतो. सह्याद्रीच्या सहलीच्या पत्रकावर 'दऱ्या'चं 'दर्या' झालं की डोंगरात समुद्र येतो. केटररच्या कार्डावर 'आचाऱ्यांना' ऐवजी 'आचार्यांना' छापलं तर स्वयंपाकी गुरुजी होतात.

'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' ठरवून दिला, तरी बरेच फाँट दंडयुक्त, म्हणजे उभ्या दांडीचा 'ल' देतात. फाँट निवडताना 'लाल शाल' एवढंच टाइप करून बघा, लगेच कळेल.

मग मांडणी. इंग्रजीला पुरणारं ओळींतलं अंतर मराठीला पुरत नाही, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतरापासून सुरुवात करून डोळ्याने कमी-जास्त करा. अक्षरं सुटी करायला ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवू नका, शिरोरेषा तुटते. अक्षर ठळक करायला भोवती स्ट्रोक (कडेची रेषा) देऊ नका, 'क्ष' आणि 'ध' यांची पोटं बुजतात. फाँटाचंच बोल्ड वजन घ्या. सुरुवातीला मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले मुक्ता आणि बालू घ्या. गूगल फाँट्सवर मुक्त परवान्यात मिळतात, त्यामुळे ग्राहकाच्या कामातही निर्धास्त वापरता येतात. विकतच्या फाँटाचा परवाना मात्र वाचा.

प्रेसमध्ये उभं राहणं

कामाला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मी एका व्याख्यानमालेची पत्रिका केली होती. हजार प्रती. पडद्यावर अप्रतिम दिसत होती. छापून आली तेव्हा वक्त्यांची नावं धूसर, कडेला लालसर-निळसर झाक. मी छपाईला दोष दिला. मशिनवरच्या काकांनी काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं आणि कागदावर टेकवून बघायला सांगितलं. एकाच 'र'च्या कडेला चार रंगांचे ठिपके एकमेकांपासून केसभर सरकलेले. "ताई, काळा चारही प्लेटांत सोडलाय तुम्ही. एवढं बारीक अक्षर रजिस्टरला कसं बसणार?"

रजिस्टर म्हणजे चारही रंग एकमेकांवर नेमके बसणं. चूक माझी होती. फाइल आरजीबीत (पडद्याच्या रंगांत) केली आणि शेवटी सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांत) बदलली, त्यात काळा चार शायांत वाटला गेला. फेरछपाई मी माझ्या खिशातून केली. तेव्हापासून मजकुराचा काळा म्हणजे फक्त के १०० (शंभर टक्के काळी शाई), वर ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं), आणि छपाईचा मजकूर फोटोशॉपमध्ये कधीच नाही.

म्हणून शक्य असेल तर महिनाभर एखाद्या ऑफसेट प्रेसमध्ये जाऊन उभे राहा. पगार मागू नका, पडेल ते काम करा. प्लेट, कटिंग, घडी बघा. कागद हाताने ओळखायला शिका: १३० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आर्ट पेपर पत्रकाला, ३०० जीएसएमचं कार्ड व्हिजिटिंग कार्डाला, मॅपलिथो पुस्तकाच्या आतल्या पानांना. चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड (कटिंगमध्ये जाणारा जादा छापील भाग) सोडा. फोटो छपाईच्या आकारात ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) हवा. फ्लेक्सला मात्र पूर्ण आकारात ७२ ते १०० पुरतो, तिथे ३०० दिलात तर दुकानदाराचा संगणक बसेल.

पोर्टफोलिओ

आठ-दहा कामं पुरतात. सॉफ्टवेअर कंपनीच्या काल्पनिक लोगोऐवजी गल्लीतल्या खऱ्या गिरणीची पाटी, आजीच्या मसाल्याचं लेबल, वाचनालयाचं वेळापत्रक करा. प्रत्येक कामासोबत आधीची अवस्था, तुमची कच्ची रेखाटनं आणि शक्य असेल तर छापून लावलेल्या वस्तूचा फोटो ठेवा. मुलाखत घेताना मी रेखाटनंच आधी बघते. निम्मी कामं तरी मराठीत असू द्या. चुलतभावाने किंवा मित्राने केलेलं काम आपलं म्हणून लावू नका, दोन प्रश्नांत कळतं.

पहिली नोकरी, पहिले पैसे

पहिली दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढा: जाहिरात एजन्सी, प्रकाशन, वर्तमानपत्र, पॅकेजिंगचा स्टुडिओ, अॅप बनवणारी कंपनी. पगारापेक्षा तुमच्या कामावर कोण लाल पेन फिरवणार आहे हे बघा.

स्वतंत्र काम घ्याल तेव्हा सगळं लेखी ठेवा, साधा व्हॉट्सअॅप मेसेजही चालतो. निम्मे पैसे आगाऊ, दोन वेळा दुरुस्त्या, त्यापुढे वेगळा आकार, आणि ओपन फाइल (बदल करता येणारी मूळ फाइल) द्यायची की नाही ते आधीच ठरवा. मला एका ग्राहकाने सतरा वेळा बदल करायला लावून शेवटी पहिलंच डिझाइन घेतलं होतं. सतरा वेळांचे पैसे मागायला माझ्याकडे कागद नव्हता. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी लागते, त्याआधीच एखादा सीए गाठून ठेवा.

आणि प्रूफ. छपाईला सोडण्याआधी पूर्ण मापाची प्रिंट काढा. नावं, तारखा, फोन नंबर ग्राहकाला मोठ्याने वाचायला लावा, तुम्ही स्वतः शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे उलटं वाचा. प्रत्येक पानावर ग्राहकाची सही आणि तारीख घ्या, त्याचा फोटो काढून ठेवा, आणि मगच फाइल प्रेसला पाठवा.