फ्लेक्स गाजला, गल्ला रिकामाच: व्हायरल जाहिरातीत या चुका टाळा

ऑगस्ट 2018 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या पिंपळे सौदागर भागात एके दिवशी जिकडेतिकडे फ्लेक्स झळकले: ‘शिवडे, आय ॲम सॉरी’ आणि सोबत एक बदाम. संख्या सुमारे 300. खाली दुकानाचं नाव नाही, फोन नाही. ही शिवडे कोण, या प्रश्नाने बघता बघता सगळे फोन भरून गेले. रुसलेल्या मैत्रिणीची माफी मागायला एका तरुणाने ते लावले होते, हे नंतर कळलं. परवानगी घेतलेली नव्हती, त्यामुळे महापालिकेने पोलिसांना कारवाई करायला सांगितलं. गल्लीतली जाहिरात कशी पेटते आणि कुठे हात भाजतो, हे दोन्ही या एका प्रसंगात दिसतं.

सगळं एकाच फ्लेक्सवर कोंबणं

ताशी 30 किलोमीटरने जाणारा दुचाकीस्वार सेकंदाला सुमारे 8 मीटर कापतो. फ्लेक्स 25 मीटरवरून दिसला, तर वाचायला त्याच्याकडे जेमतेम तीन सेकंद असतात. एवढ्यात चार-पाच शब्द वाचून होतात. साधारण 10 फुटांना 1 इंच या हिशेबाने अक्षराची उंची किमान 8 इंच हवी. मालकाचा फोटो, शुभेच्छुकांची यादी, तीन फोन नंबर आणि खाली ‘एकदा अवश्य भेट द्या’ एवढं भरलं की वाचलं काहीच जात नाही. ‘शिवडे’ चाललं ते चार शब्दांमुळे, आणि त्यातही त्या आडनावामुळे. ‘प्रिये, माफ कर’ असं लिहिलं असतं तर कोणी मान वळवली नसती.

परवानगी ‘नंतर बघू’ म्हणणं

हीच चूक सगळ्यात महागात पडते. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा, 1995 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जागा खासगी असली आणि मालकाने लेखी संमती दिली, तरी महापालिकेची परवानगी वेगळी लागते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ती आकाशचिन्ह व परवाना विभागाकडून मिळते. परवानगीचा क्रमांक आणि मुदत फ्लेक्सच्या कोपऱ्यातच छापून घ्या. विजेच्या खांबाला, झाडाला किंवा सिग्नलला बांधू नका. सांगाडा पडला की माणसं मरतात. किवळे येथे एप्रिल 2023 मध्ये होर्डिंग कोसळून पाच जण गेले, घाटकोपरला मे 2024 मध्ये 17.

बजेट कमी असेल तर दुकानातला फळा, पार्सलची पिशवी, बिलाची मागची बाजू वापरा. पुणेरी पाटीचा फोटो आजही लोक आपणहून पुढे पाठवतात. फक्त ती तिरकस असावी, अपमान करणारी नसावी. जात, धर्म, देवदेवता आणि महापुरुष यांना हात लावू नका.

कोडं घालून उत्तर न देणं

‘शिवडे’सारखा कोड्याचा फ्लेक्स लावला, तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, त्याच जागी, त्याच रंगात उत्तराचा फ्लेक्स लागला पाहिजे. उशीर झाला की लोक विसरतात, नाहीतर शेजारचा दुकानदार आपला बोर्ड लावून श्रेय घेऊन जातो. उत्तराचा फ्लेक्स कोड्यासोबतच छापून ठेवा आणि परवानगीही दोन्हींची एकदमच घ्या. ‘मुलगी हरवली आहे’ किंवा ‘दुकान कायमचं बंद’ अशा खोट्या बातमीचं कोडं करू नका. लोक खरंच पोलिसांना फोन करतात, आणि उत्तर कळलं की फसवल्याचा राग दुकानावर निघतो.

आव्हानाचं गणित न करणं

वडगाव मावळजवळच्या शिवराज हॉटेलची बुलेट थाळी 2021 च्या सुरुवातीला देशभर पोहोचली. सुमारे 4 किलो मांसाहार, 60 मिनिटं, किंमत 2,500 रुपये आणि संपवणाऱ्याला बुलेट. ती टिकली कारण भाग घेणारा प्रत्येक जण थाळीचे पैसे मोजत होता आणि नव्याकोऱ्या गाड्या हॉटेलसमोरच उभ्या होत्या. बक्षीस डोळ्यांना दिसलं की वेगळी खात्री द्यावी लागत नाही.

याउलट ‘1 रुपयात वडापाव’. एका कढईत घाण्याला 20 वडे, घाण्याला सहा मिनिटं, म्हणजे तासाला 200. रांगेत 800 जण आले तर शेवटच्याला चार तास लागतील. दुसऱ्या तासाला ढकलाढकली सुरू होते आणि व्हिडिओ व्हायरल होतो तो भांडणाचा. म्हणून ‘पहिल्या 200 जणांना’ असं ठळक लिहा. शिक्का मारलेली, क्रमांकाची टोकनं सकाळीच वाटा, 201 व्या माणसाला तिथल्या तिथे सांगा, आणि रांग फूटपाथवर जाणार असेल तर दोन दिवस आधी पोलीस ठाण्यात कळवा.

खाण्याच्या स्पर्धेचे नियम टेबलावर छापील ठेवा: घड्याळ कधी सुरू होणार, रस्सा आणि हाडं धरायची का, निकाल कोण देणार. 18 वर्षांखालच्यांना घेऊ नका. जाहीर केलेलं बक्षीस द्यायचा इरादाच नसणं किंवा निकाल दडवणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापार प्रथा ठरते.

रील चाललं, गिऱ्हाईक आलं नाही

आधी कॉमेंट वाचा. निम्म्या लोकांनी ‘पत्ता?’ विचारला असेल तर दोष तिथेच आहे. पहिल्या तीन सेकंदांत दुकानाचा बोर्ड आणि चौकाचं नाव दिसू द्या. गुगल मॅपवरची पिन मागच्या गल्लीत पडलेली नाही ना, हे स्वतः चालत जाऊन तपासा. पत्ता, वेळ आणि सुट्टीचा वार पहिल्या कॉमेंटमध्ये पिन करा.

ऑफरची शेवटची तारीख चित्राच्या आतच छापा. व्हॉट्सॲपवर चित्र सेव्ह करून पुढे पाठवलं की खालचा मजकूर मागेच राहतो, आणि दिवाळीची ऑफर घेऊन माणूस शिमग्याला काउंटरवर उभा राहतो. तसा कोणी आलाच तर वाद घालू नका. त्याला चहा द्या, फॉरवर्ड कोणत्या ग्रुपवरून आला ते विचारा आणि ‘ऑफर संपली’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं तेच चित्र त्याच ग्रुपवर टाकायची विनंती करा.