तैलरंगात बाहेर रंगवताना आधी सावल्या पकडा

उघड्यावर निसर्गचित्राला बसलात की सुरुवात आकाशापासून करू नका. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. तुम्ही ढगांत रमेपर्यंत झाडाची सावली भलतीकडेच गेलेली असते. बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आधी फक्त सावल्यांचे आकार भरा, तपशील नको. एकदा ठरलेली सावली नंतर हलवायची नाही, समोरचा देखावा कितीही मोहात पाडो. दोनेक तासांत हात आवरा. उरलेलं काम दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला.

कॅनव्हास आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवेत, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. उन्हात रंग उजळ भासतो, म्हणून आपण तो गडद करत जातो आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. छत्री पांढरी किंवा करडी घ्या. रंगीत कापडातून झिरपणारा उजेड सगळ्या छटा बिघडवतो. भडक शर्टही नको, त्याची झाक ओल्या रंगावर पडते.

तैलरंगातल्या जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या मात्र पिशवीत कोंबून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.